शहर बदला, घर इतक्यात विकू नका

मुंबईच्या उपनगरातला साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचा फ्लॅट विकायचा, त्याच पैशांत पुण्याला वाकड, खराडी किंवा पुनावळ्याकडे मोठा टू-बीएचके घ्यायचा आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकायची, हा हिशोब मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत गेली वीस-पंचवीस वर्षे मांडला जातो आहे. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, हिंजवडी वाढली, आणि करोनानंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करण्याची मुभा कित्येकांना मिळाली, तेव्हापासून तर तो जास्तच मांडला जातो. कागदावर तो चुकतही नाही. मुंबईतल्या चौरस फुटाचा भाव पुण्याच्या उपनगरांतल्या भावाच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर गणित जमणारच. पुण्याला जाऊ नये असे मला म्हणायचे नाही. कित्येक कुटुंबांनी खुशाल जावे. माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. या हिशोबात दोन निर्णय एकाच कागदावर, एकाच बेरजेत घातलेले असतात. एक निर्णय शहर बदलण्याचा आणि दुसरा राहते घर विकण्याचा. पहिला चुकला तर वर्षभरात सुधारता येतो. दुसरा बहुतेकांना आयुष्यात सुधारता येत नाही. म्हणून हे दोन निर्णय वेगवेगळे घ्यावेत, आणि घर विकण्याचा निर्णय वर्ष-दोन वर्षे मुद्दाम लांबवावा.

परतीची वाट किती महाग पडते हे आधी पाहू. समजा, मुंबईतले घर सव्वा कोटीला गेले आणि पुण्याला नव्वद लाखांचे घेतले. पुणे महापालिकेच्या हद्दीत खरेदीवर सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सहा लाख तीस हजार, आणि नोंदणीचे कमाल तीस हजार. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्का सुटतो, तेवढाच दिलासा. विकताना आणि घेताना दलालाला एकेक टक्का धरला तरी सव्वादोन लाखांच्या आसपास जातात. फर्निचर, ग्रिल, मॉड्युलर किचन आणि टेम्पोचे भाडे न धरता पावणेनऊ लाख संपले. आता दोन वर्षांनी परत यायचे ठरले आणि दोन्ही शहरांतले भाव तसूभरही हलले नाहीत असे मानू. तरीही मुंबईतल्या सव्वा कोटीच्या घरावर सहा टक्क्यांनी साडेसात लाख मुद्रांक शुल्क, पुन्हा नोंदणी, पुन्हा दोन्हीकडची दलाली. जाऊन-येऊन अठरा-एकोणीस लाख रुपये हवेत विरले. शिवाय दोन घरांच्या किमतीतले पस्तीस लाखांचे अंतर पुन्हा उभे करायचे, आणि ते पैसे तोवर गाडीत, मुलाच्या फीत किंवा नव्या घराच्या सजावटीत मुरलेले असतात. महागड्या शहरातून स्वस्त शहरात उतरणे सोपे असते. पुन्हा चढायचे तर जवळजवळ नव्याने कमवावे लागते.

मुंबईने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. लालबाग, परळ, शिवडी, वरळीच्या चाळींतली पागडीची खोली सोडून माणसे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली. पुढे त्याच चाळींच्या पुढच्या पिढीने कुटुंब वाढले म्हणून, भावांत वाटणी झाली म्हणून हीच वाट धरली. 2001 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाख होती. 2011 मध्ये ती 30.85 लाखांवर आली. त्याच वेळी ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. जे गेले ते बहुतेक कायमचे गेले. परत यावेसे वाटलेच नसेल असे नाही, पण गिरणीच्या जागेवर मॉल आणि मनोरे उभे राहिल्यावर तिथला चौरस फूट त्यांच्या आवाक्यात उरला नव्हता. त्या माणसांना बहुतांशी पर्यायच नव्हता. आज पुण्याचा हिशोब मांडणाऱ्या कुटुंबाला तो आहे, आणि तरीही ते तितकीच एकेरी वाट धरते, हे मला खटकते.

दोन निर्णय एकत्र का होतात, याचे कारण सरळ आहे. घर मोजता येते. कार्पेट एरिया महारेराच्या संकेतस्थळावर सापडतो, भाव दलाल सांगतो, बाल्कनीतून दिसणारी टेकडी डोळ्यांनी दिसते. बाकीचे जगणे मोजायला असा काही मापदंड नाही. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॅलिफोर्नियात आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी आपापल्या आयुष्याबद्दल किती समाधान वाटते हे विचारले, आणि आपल्यासारखाच माणूस दुसऱ्या भागात किती समाधानी असेल, हेही विचारले. दोन्हीकडचे विद्यार्थी प्रत्यक्षात सारखेच समाधानी निघाले. पण कॅलिफोर्नियावाले अधिक सुखी असणार असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता, कारण तुलना करायला बसले की हवामान तेवढे डोळ्यांपुढे येते आणि रोजचा दिवस मागे पडतो. पुण्याच्या बाबतीत हवामानाच्या जागी चौरस फूट आणून बसवा. नमुना फ्लॅट पाहून परतणाऱ्या कुटुंबाची नजर नेमकी त्याच एका फरकावर खिळलेली असते. रविवारी दुपारी पाहिलेल्या घरातून सोमवारी सकाळी नऊला बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे त्या भेटीत कळत नाही.

तो वेळ हाच खरा मुद्दा आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे आले. दहा किलोमीटर कापायला तिथे सरासरी तेहतीस मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. रस्त्यावरच्या वेगात मुंबई पुण्याहून बरी ठरली. पण दोन शहरांतला मोठा फरक वेगात सापडत नाही, तो कोणाला एकट्याने प्रवास करता येतो यात आहे. मुंबईची लोकल घामट आहे, जीवघेणी आहे, तिच्या गर्दीत दरवर्षी माणसे मरतात; तिचे गोडवे गाणाऱ्यांना मी गंभीरपणे घेत नाही. तरीही या शहरात चौदा वर्षांचा मुलगा पास काढून क्लासला जातो, सत्तरीच्या आजी बेस्टने बहिणीकडे जाऊन येतात, आणि बायका रात्री साडेनवाच्या गाडीने लेडीज डब्यातून घरी परततात. केवळ महिलांसाठीची लोकल चर्चगेट ते बोरिवली 1992 मध्ये सुरू झाली, म्हणजे ही सवय निदान एका पिढीची आहे. पुण्याच्या पश्चिम आणि पूर्व कडेला हे स्वातंत्र्य गाडी चालवणाऱ्याला मिळते. ज्याला दुचाकी येत नाही, येऊनही त्या खड्ड्यांतून आणि टँकरांमधून चालवायची हिंमत होत नाही, किंवा ज्याचे वय कमी वा फार जास्त आहे, तो घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून राहतो. मेट्रो 2022 च्या मार्चपासून धावते आहे आणि तिच्या कडेने राहणाऱ्यांचे दिवस नक्कीच बदलले आहेत, पण मोठा फ्लॅट स्वस्तात मिळतो तो बहुधा स्थानकापासून लांबच. मुंबईत ज्या आईला मुलाच्या क्लासची वेळ लक्षात ठेवावी लागत नव्हती, तिच्या दिवसाचे दोन तास पुण्यात त्याला सोडण्या-आणण्यात जातात. विक्रीच्या हिशोबात या दोन तासांना रकाना नसतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे नोकरी मुंबईतच ठेवायची आणि आठवड्यातून दोनदा जाऊन यायचे. डेक्कन क्वीन 1 जून 1930 पासून धावते आहे आणि तिच्या पासधारकांची परंपरा मोठी आहे, हे खरे. पण रेल्वेने 192 किलोमीटरचे हे अंतर सव्वातीन तासांच्या आसपासचे. ही गाडी सकाळी सव्वासाताला पुणे स्थानकातून सुटते, तेव्हा वाघोलीतल्या किंवा पुनावळ्यातल्या माणसाला पहाटेच उठून निघावे लागते, आणि रात्री पुन्हा तीच कसरत. पंचविशीत हे निभते. पंचेचाळिशीत, पाठीच्या दुखण्यासह, किती निभते ते एखादा पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही, आणि घाटात दरड कोसळल्याच्या बातम्या पावसाळ्यातच येतात.

पाण्याचेही तसेच. पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पाणी मिळते आणि धरणे भरली की शहर निर्धास्त होते. पण महापालिकेची हद्द 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे घेऊन इतकी वाढली, की क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकले. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे वेगळी काढली गेली, ती गोष्ट निराळी. हद्द वाढली त्या वेगाने जलवाहिन्या गेल्या नाहीत. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असे हमीपत्र बिल्डरने द्यायचे आणि सोसायटी ताब्यात आली की टँकरचे बिल रहिवाशांनी भरायचे, हा कित्येक उपनगरांतला परिपाठ आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये तर नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येते. पवना धरणातून बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, 9 ऑगस्ट 2011 च्या गोळीबारात तिघे शेतकरी मारले गेले आणि योजना वर्षानुवर्षे अडकून पडली. शहराच्या नळाला कोणाचे पाणी येते, हा प्रश्न फ्लॅट पाहायला गेलेल्याच्या मनात येत नाही, पण त्याचे उत्तर पुढे त्याच्या टाकीत दिसते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा हद्दीत येणे आणि नळाला शुद्ध पाणी येणे यांतले अंतर सगळ्या राज्याला दिसले. मुंबईतही पाणीकपात होते, जुन्या वाहिन्या फुटतात. मुद्दा पुण्याला नावे ठेवण्याचा नाही. एकाच पुण्यात कोथरूडचे पाणी वेगळे आणि उंड्रीचे वेगळे, आणि कोणत्या सोसायटीत मे महिन्यात किती टँकर लागतात हे ब्रोशरमध्ये छापलेले नसते, एवढेच सांगायचे आहे. तिथे एक उन्हाळा भाड्याने राहिलेल्या माणसाला ते वॉचमन सांगतो.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र पाणी आणि रस्ते यांच्याही पलीकडची आहे. शहर बदलण्याचा प्रस्ताव घरात येतो तो बहुधा एकाच्या नोकरीमुळे, आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने 1978 मध्येच हे मांडले होते: कुटुंबाच्या एकूण मिळकतीचा फायदा होत असला तरी दोघांपैकी एकाचे नुकसान होऊ शकते, आणि तो किंवा ती फक्त जोडलेली असल्यामुळे सोबत जाते. आपल्याकडे ती कोण हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही. 2020-21 च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या स्त्रियांपैकी 47.9 टक्के स्थलांतरित होत्या, पुरुषांपैकी 10.7 टक्के, आणि त्या स्त्रियांपैकी 86.8 टक्क्यांनी लग्नामुळे गाव सोडले होते. गाव सोडण्याची सवय बायकांनाच जास्त, म्हणून त्यांनी आणखी एकदा सोडावे हे घराला फार जड वाटत नाही. मुंबईत विमा कंपनीच्या मुख्यालयात, जाहिरात संस्थेत, उच्च न्यायालयात, चित्रपटांच्या निर्मितीत काम करणाऱ्या बाईला पुण्यात तसेच काम मिळेल असे नाही. दोन्ही शहरांचे धंदे वेगळे आहेत. पुण्यात माहिती तंत्रज्ञान, वाहन उद्योग आणि शिक्षणसंस्था यांचा जोर. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिकेची ज्येष्ठता तर शहराबरोबर सहजी हलत नाही. मोठा फ्लॅट मात्र सगळ्यांचा असतो, तिच्याही स्वयंपाकघराला खिडकी मिळते, आणि त्या खिडकीच्या नादात तिच्या गेलेल्या पगाराची बेरीज करायची राहते. घर विकलेले नसेल, तर आठ महिन्यांनी ती म्हणू शकते की मला इथे काम मिळत नाही. विकलेले असेल तर हे म्हणून उपयोग काय, असे तिलाच वाटते.

पुणे स्वस्त आहे, ही समजूतही तपासून घ्यावी. केंद्र सरकारने 2015 मध्येच पुण्याला घरभाडे भत्त्यासाठी मुंबई-दिल्लीच्या एक्स श्रेणीत घातले, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला दोन्ही शहरांत भत्त्याची टक्केवारी एकच. आयकराच्या नियमांनी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे पुण्याला महानगर मानले नाही, आणि जुन्या करपद्धतीत मुंबईकराला पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंत मिळणारी घरभाड्याची सूट पुणेकराला चाळीसवर थांबली. सरकारच्या दोन खात्यांना जे एकमताने ठरवता आले नाही, ते आपण दलालाच्या शब्दावर ठरवतो.

मग करायचे काय? मुंबईतले घर भाड्याने द्यायचे आणि पुण्यात भाड्याने राहायचे. आपल्या मोठ्या शहरांत घराचे वार्षिक भाडे त्याच्या किमतीच्या साधारण अडीच ते चार टक्के असते. सव्वा कोटीच्या घराचे तीन टक्क्यांनी महिना एकतीस हजार होतात, आणि तेवढ्यात पुण्याच्या उपनगरात चांगला टू-बीएचके मिळण्याजोगा आहे. म्हणजे चौरस फुटांचा बराचसा फायदा घर न विकताही पदरात पडतो. भाड्याच्या उत्पन्नावर कर लागतो, पण त्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मागेल. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत, हे सहकार खात्याने 2001 मध्येच स्पष्ट केले आहे. भाडेकरारावरचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. सात टक्क्यांच्या शेजारी ठेवून पाहिले की प्रयोगाची किंमत किती कमी आहे ते कळते.

इथे मुंबईकराचा जुना, खोलवर रुजलेला आक्षेप पुढे येतो: भाडेकरूने घर सोडलेच नाही तर? या भीतीला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि भाडेकरूला घरातून काढणे जवळपास अशक्य केले. पागडी त्यातूनच फोफावली, आणि घर रिकामे ठेवीन पण देणार नाही, ही वृत्तीही. पण 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होऊन पंचवीस वर्षे उलटली. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी त्या कायद्याने दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याची वाट ठेवली आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भाडे देणे भाग आहे. अट एवढीच की करार नोंदवलेला हवा. ती जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे नोंदणी टाळून चार पैसे वाचवायचे आणि मग भाडेकरूंच्या नावाने बोटे मोडायची, ही तऱ्हा अजून गेलेली नाही. नोंदवलेल्या कराराच्या घरातही एखादा त्रासदायक भाडेकरू मिळतो, अर्ज-सुनावण्यांत महिने जातात, हे मान्य. पण त्या त्रासाची तुलना विकलेले घर परत घेण्याशी करायची आहे.

दुसरा आक्षेप भाववाढीचा. दोन वर्षे थांबलो तर पुण्यातले घर हातचे जाईल. हे भय रिकाम्या हाताने थांबणाऱ्याला शोभते. ज्याचे मुंबईत घर आहे त्याच्याकडे भाववाढीवरचा विमा आधीच आहे. पुण्याचा भाव वाढला तर मुंबईचा अगदीच बसून राहील, असे क्वचित घडते. दोन्हींच्या वाढीत फरक पडेल, आणि तो आपल्या विरुद्धही जाऊ शकतो. त्या फरकाची रक्कम पाच लाख आली काय किंवा आठ लाख आली काय, ती अठरा-एकोणीस लाखांच्या खाली राहते. घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर साधारणपणे दोन वर्षांत दुसरे तयार घर घ्यावे लागते, आणि या मुदतीच्या धाकाने कित्येक जण न आवडलेल्या प्रकल्पात पैसे गुंतवतात. ती दोन वर्षे विक्रीच्या दिवसापासून मोजली जातात. विक्रीच पुढे ढकलली तर ते घड्याळ सुरूच होत नाही, आणि तोवर कोणता परिसर हवा हे कळलेले असते. अकरा महिन्यांनी घर बदलत फिरायचे का, मुलांच्या शाळेचे काय, असेही विचारतात. करार अकरा महिन्यांचाच हवा असा कोणताही नियम नाही. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा लॉक-इन घालून करता येतो. मालक कुरकुरतो, पण वेळेवर भाडे देणारे कुटुंब त्यालाही हवेच असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एक पाय मुंबईत ठेवून गेलेला माणूस पुण्याचा कधीच होत नाही. तो प्रत्येक गैरसोयीला परतीचा विचार करतो, शेजाऱ्यांत मिसळत नाही, आणि त्यामुळे प्रयोग फसतो तो शहरामुळे नव्हे, त्याच्या अर्धवटपणामुळे. याला आधारही दाखवता येतो. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी मोठ्या निर्णयापाशी अडलेल्या हजारो लोकांना नाणेफेकीवर निर्णय सोपवायला सांगितले होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांना नाण्याने बदल करायला सांगितले ते सहा महिन्यांनी, आहे तिथेच राहणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी दिसले. याचा अर्थ अडखळणारी माणसे गरजेपेक्षा जास्त काळ जागच्या जागी राहतात. मला हे पटते, आणि म्हणूनच मी जायला सांगतो आहे. नाणे बदल करा म्हणाले. मागचे सगळे विकून टाका, असे त्याने सांगितले नव्हते. शिवाय माणूस शहराला चिकटतो तो खरेदीखताने नाही. मुलाचे मित्र, कोपऱ्यावरचा डॉक्टर, सकाळी टेकडीवर भेटणारी चार माणसे, नव्या कामातली ओळख, या गोष्टी भाड्याच्या घरातूनही जमतात, आणि विकत घेतलेल्या तेराव्या मजल्यावर बसूनही जमत नाहीत. उलट परतीची वाट आहे हे माहीत असलेले कुटुंब जाण्याचे पाऊल लवकर टाकते. कित्येक घरांत पुण्याचा विषय दहा वर्षे नुसता चर्चेत राहतो, कारण घर विकायचे धाडस होत नाही आणि विकल्याशिवायही जाता येते हे कोणाच्या डोक्यात येत नाही. अर्थात मुदत घालून घ्यावी. दोन उन्हाळे, दोन पावसाळे, आणि मग घरातल्या प्रत्येकाला विचारून निर्णय. मुदत नसेल तर आक्षेप खरा ठरेल.

हे सगळ्यांना लागू नाही. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याला ती मालकाच्या संमतीशिवाय भाड्याने देता येत नाही. ज्याच्या मुंबईतल्या घरावर मोठे कर्ज आहे आणि हप्ता भाड्याच्या दुप्पट आहे, त्याला दोन्हीकडे खर्च झेपणार नाही. निवृत्त जोडप्याला घराच्या किमतीतला फरकच म्हातारपणासाठी हवा असेल, तर त्यांचा निर्णय मुळातच घर विकण्याचा आहे आणि शहर त्यामागून येते. त्यांनी विकावे, फक्त जिथे जायचे तिथे आधी सहा महिने राहून पाहावे. आणि मुंबईत भाड्यानेच राहणाऱ्याला तर ही सगळी चर्चा लागूच नाही. त्याने दोन्ही शहरांतली भाडी, पगार आणि घरातल्यांचे तास मांडावेत आणि जावे.

उरतो तो सरकारचा वाटा. बिल्डरकडून फ्लॅट घेऊन तीन वर्षांच्या आत तो पुढे विकणाऱ्या गुंतवणूकदाराला आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढच्या व्यवहारात वळते करून मिळते. ही मुदत एक वर्षाची होती, ती 2022 मध्ये तीन वर्षे करण्यात आली. राहण्यासाठी घर घेतलेले, पण मुलीच्या नोकरीपायी, आईच्या दुखण्यापायी किंवा न मिळणाऱ्या पाण्यापायी ते विकून दुसरे घेणारे कुटुंब मात्र प्रत्येक वेळी पूर्ण शुल्क भरते. तिजोरीला मुद्रांक शुल्काची गरज आहे आणि अशी सवलत दिली की पळवाटा निघतात, हे खरेच. पण एकमेव राहते घर विकून तीन वर्षांत राज्यातच दुसरे एकमेव घर घेणाऱ्यापुरती ती मर्यादित ठेवता येईल. आधार आणि पॅन जोडलेल्या नोंदणीत हे तपासणे आता अवघड नाही. घरांचा व्यापार करणाऱ्याला जी सवलत मिळते, ती त्यात राहणाऱ्याला का नाही, याचे उत्तर महसूल खात्याने द्यायला हवे.